पळत्या बैलांचे फोटो: रोल की डिजिटल?

घाटकरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमच्या खेड-मंचर पट्ट्यात चैत्र लागला की यात्रा, आणि यात्रा म्हटली की बैलगाडे. २०१४ च्या बंदीनंतर घाट, म्हणजे गाडे पळवायच्या चढत्या धावपट्ट्या, ओस पडले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही कायदा उचलून धरला, आणि आता गर्दी अशी की घाटाच्या कडेला पाय ठेवायला जागा नाही. मला या बाऱ्यांचे, म्हणजे एकेका गाड्याच्या धावेचे, नीट फोटो काढायचे आहेत. मोबाईलवर जे येतं ते म्हणजे धुळीचा लोट आणि पुढच्या माणसाची टोपी.

घरात काकांचा निकॉन एफएम२ हा रोलचा कॅमेरा आहे, सोबत ५० आणि १३५ मिमीच्या लेन्स. सगळं चालू स्थितीत. मित्र म्हणतो वापरलेला निकॉन डी५०० हा डिजिटल घे, सेकंदाला १० फ्रेम, बटण दाबून धरायचं आणि विसरायचं. काका म्हणतात छत्तीस फोटोंचा रोल भरला की हात आपोआप वेळेवर चालायला लागतो.

मी काकांच्या बाजूने झुकतोय. एका सेकंदात दहा-वीस फोटो उडवायचे आणि घरी येऊन त्यातला एक निवडायचा, यात काढणाऱ्याचं काय? दोन्ही वापरलेल्यांनी जरूर लिहा.

टवाळ_कार्टं

पहिल्याच धाग्यात रोल विरुद्ध डिजिटल! पुढचा धागा पुणे विरुद्ध मुंबईचा काढा म्हणजे वर्तुळ पूर्ण होईल. चहा-खारी घेऊन बसलोय.

मीनल_डोंबिवली

>>पुढच्या माणसाची टोपी<<

तोच फोटो डकवा की इथे. आमच्याकडे शाळेच्या गॅदरिंगचे सगळे फोटो पुढच्या बाबांच्या आयपॅडचे आहेत.

अंधारखोली

घाटकरी, स्वागत. मी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होतो, आता निवृत्त. क्रिकेट, कुस्ती, दहीहंडी, मोर्चे, सगळं केलं. रोलवर निम्म्याहून जास्त.

तुमच्या काकांचा मान राखून सांगतो, छत्तीस फ्रेमची शिस्त ही गोष्ट आम्हीच मागाहून सजवलेली आहे. मोठ्या सामन्याला कोणी रोल मोजत नसे. ऑफिसात फिल्मचा शंभर फुटी डबा यायचा, तो काळोखात लोडरने कॅसेटमध्ये भरायचा, एका डब्यात अठराएक रोल निघत. निकॉनचा एफ५ १९९६ साली आला तो सेकंदाला आठ फ्रेम मारायचा. कॅननचा ईओएस-१व्ही २००० साली, बूस्टर लावला की दहा. आता छत्तीस भागिले आठ करा. साडेचार सेकंदांत रोल खलास. तुमचा मित्र ज्याला दाबून धरणं म्हणतो ते आम्हीही करत होतो, फक्त आमचं लवकर संपायचं. आणि रोल बदलायला मान खाली घातली की नेमकी तेव्हाच विकेट पडायची. असं का व्हायचं हे कोणी शास्त्रज्ञाने शोधलेलं नाही.

शिस्त होती ती वेगळ्याच कारणाने. वानखेडेवर कसोटी असली की चहापानाला निघावं लागे, कारण डाक आवृत्तीला (बाहेरगावी जाणारी, लवकर छापायची) फोटो हवा. ऑफिसात येऊन रोल धुवायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा, आणि उपसंपादक डोक्यावर उभा असला तर ओलीच निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये (फोटो मोठा करून कागदावर उतरवणारं यंत्र) घालायची. त्यावर बोटाचा ठसा उमटला तरी छापायचा. मैदानातून निघताना आपल्याकडे छापण्याजोगा एक तरी फोटो आहे का, हे माहीत नसे. म्हणून दुपारी बाराच्या आत एक साधा, सुरक्षित फोटो घेऊन ठेवायचा: गोलंदाज उडी मारतानाचा, फलंदाज बॅट उंचावतानाचा. तो बॅगेत पडला की मग खेळायचं, धोका पत्करायचा. डिजिटल आल्यावर हा धाक गेला. मागे स्क्रीनवर दिसतं, फोटो आला की नाही ते. माझ्या मते पळत्या गोष्टीच्या फोटोत रोल आणि डिजिटल यांच्यातला खरा फरक एवढाच, की आला की नाही हे तुम्हाला कधी कळतं.

रोलवेडा

अंधारखोली, तुमच्या अनुभवाला साष्टांग, पण "एवढाच" हे पटलं नाही.

ते कळणं लगेच होतं हाच तर घोटाळा आहे. मी दहीहंडीला दोन्ही घेऊन जातो. सातवा थर चढतोय आणि आजूबाजूचे सगळे फोटोग्राफर मान खाली घालून सहाव्या थराचा फोटो बघताहेत. थर कोसळतो तेव्हा त्यांच्या तोंडावर जे भाव येतात त्याचे फोटो माझ्याकडे आहेत, रोलवरचे. रोल असला की बघण्यासारखं मागे काही नसतंच, नजर वरच राहते. स्क्रीन बंद करता येते हे मला माहीत आहे. कोणी करत नाही हेही माहीत आहे.

आणि दुसरं, दिसणं. ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म दोन स्टॉप पुश करून, म्हणजे चौपट संवेदनशील धरून, डी-७६ या रसायनात धुतलेली बघा. पावसात भिजलेले गोविंदा, सावल्या काळ्याकुट्ट, पाण्याचे थेंब पांढरे ठक्क. ते ग्रेन फिल्टर लावून येत नाही.

चिकित्सक

थोडा हिशेब करू, म्हणजे भावनांना जरा टेकू मिळेल.

चेंडू ताशी १४० किमीने येतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळपास ३९ मीटर. सेकंदाला १० फ्रेम मारल्या तर दोन फ्रेममध्ये चेंडू चार मीटर पुढे गेलेला असतो. बॅटला चेंडू लागला तो क्षण या दोन फ्रेमच्या मधल्या फटीत सहज हरवतो. शटर १/१००० ठेवलं, म्हणजे दर फ्रेमला ते सेकंदाचा हजारावा भाग उघडं, तर त्या अख्ख्या सेकंदातले तुम्ही प्रत्यक्षात टिपता हजारातले दहा भाग, म्हणजे एक टक्का. ९९ टक्के सामना कॅमेऱ्याने बघितलेलाच नाही. म्हणजे "दाबून धरायचं आणि विसरायचं" हे १० फ्रेमच्या कॅमेऱ्यात चालत नाही. तिथेही पहिली फ्रेम तुम्हालाच वेळेवर मारावी लागते, उरलेल्या नऊ नशिबाच्या.

१२० फ्रेम मारणारे कॅमेरे आता आहेत, तिथे हेच अंतर ३२ सेंटीमीटरवर येतं. मग मात्र घाटकरींचा "काढणाऱ्याचं काय" हा मुद्दा खरंच विचारात घ्यावा लागेल.

टवाळ_कार्टं

१२० फ्रेम म्हणजे एका बारीचे हजार फोटो. लग्नाचा अल्बम बघायला बसवतात तसं गावाला बसवणार का? "हा बघा पाय उचलला. हा बघा अजून उचललेलाच आहे."

लालमाती

आमचं कोल्हापूर मध्येच राहिलं, म्हणून लिहितो.

खासबागेत कुस्ती बघितलीय का कुणी कॅमेरा घेऊन? शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं मैदान, गोल, मध्ये हौद, कुठूनही बघा दिसतं. पण फोटोवाल्याचं दुखणं वेगळं आहे. दुपारपासून जोड्या लागतात, उजेड भरपूर असतो, तेव्हा पोरं-पोरं खेळतात. मोठी कुस्ती शेवटी. तोवर ऊन गेलेलं, दिवे लागलेले, लाल मातीने प्रकाश आणखी खाल्लेला. वडील रोलवर काढायचे. ४०० आयएसओचा (प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) रोल १६०० ला ढकलायचे, तरी शटर १/१२५ च्या वर जायचं नाही. म्हणून त्यांच्या जुन्या फोटोत बघा, बहुतेक सगळे पकडीतले आहेत. दोघे एकमेकांच्या मानेला हात घालून उभे, नाहीतर खाली पट काढून बसलेला. हवेत गेलेला पैलवान एकही नाही. बघणाऱ्याला वाटतं काय संयम! संयम कसला, उजेडच नव्हता.

मी डिजिटलवर ६४०० आयएसओ ठेवून १/८०० ने काढतो. घिस्सा (एक डाव) बसला की अंगावरची माती उडते तीसुद्धा वेगवेगळी दिसते.

बाकी घिस्सा कधी बसणार हे आयएसओ सांगत नाही. वरच्याचा खालचा हात कुठे सरकतोय ते बघावं लागतं. त्याला कुस्ती कळावी लागते.

मीनल_डोंबिवली

लालमाती, शेवटच्या ओळीला +१००.

माझी भाची कबड्डी खेळते, मॅटवर, बंद हॉलमध्ये. मी डिजिटलवरच शिकले, रोलचा अनुभव शून्य. सुरुवातीला चढाई करणाऱ्या मुलीच्या मागे कॅमेरा फिरवायचे, सगळे पाठमोरे फोटो. मग तिच्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, ताई, तुम्ही चढाईवालीला बघू नका, डाव्या कोपऱ्यातलीला बघा. ती एक पाय मागे घेते, वजन टाचेवर टाकते, मग झेप. तो पाय मागे गेला की बटण दाबायचं. तेव्हापासून पकडीचे फोटो यायला लागले. कॅमेरा तोच.

एक अडचण आहे, जाणकारांनी सांगा. हॉलच्या एलईडी दिव्यांत एकच बर्स्ट (एका दमात सलग काढलेले फोटो), पण एक फोटो पिवळट, पुढचा हिरवट, तिसरा अर्धा काळा. मिररलेस आहे, आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर ठेवते.

चिकित्सक

मीनल, दिवे आपल्या डोळ्यांना न दिसता लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, काही एलईडी त्याहून वेगळ्याच तालावर. शटर १/१०० पेक्षा वेगवान झालं की प्रत्येक फोटोला दिव्याची वेगळी अवस्था मिळते. दोन गोष्टी करा. मेकॅनिकल शटरवर या, आणि मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, तो दिवा पूर्ण पेटलेला असतानाच शटर सोडतो. फ्रेमचा वेग किंचित घटेल.

साध्या इलेक्ट्रॉनिक शटरची दुसरी खोड म्हणजे सेन्सर एका ओळीमागून एक वाचला जातो. तेवढ्यात वस्तू सरकली तर ती तिरकी उमटते. बॅट वाकडी, चेंडू लंबगोल.

रोलवेडा

बघा! रोलवर बॅट वाकडी होत नव्हती.

चिकित्सक

होत होती की. जाक-आंरी लार्तिगचा तो रेसच्या गाडीचा प्रसिद्ध फोटो आठवा, फ्रान्समधली ग्रां प्री, १९१२-१३ च्या सुमाराचा. गाडीचं चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला कललेत. काचेच्या प्लेटवर काढलेला. कॅमेऱ्यात पडद्याचं शटर होतं, त्याची फट प्लेटवरून हळू सरकायची. तेवढ्यात गाडी पुढे गेली, आणि गाडीसोबत कॅमेराही फिरत होता म्हणून माणसं उलटी कलली. कारण तेच, आजच्या इलेक्ट्रॉनिक शटरचं. आणि गंमत म्हणजे तो फोटो "वेग" दाखवणारा म्हणून पुढे गाजला. कॉमिकमध्ये पळती गाडी पुढे झुकलेली काढतात ना, तशीच.

या दोषावर खरा इलाज आत्ता आलाय. सोनीचा ए९-३, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, अख्खा सेन्सर एकाच क्षणी वाचतो. सेकंदाला १२० फ्रेम तोच. किंमत विचारू नका, त्यात बैलजोडी येईल.

घाटकरी

बैलजोडीची किंमत तुम्हाला माहीत नाही वाटतं. घाट गाजवलेल्या बैलाच्या किमतीत कॅमेऱ्यांचं दुकान येईल :)

सगळ्यांचे आभार, वाचतोय.

बे_एरियाकर

अवांतर, पण विषयाला धरून. मी राहतो तिथून जवळच पालो आल्टोला लीलंड स्टॅनफर्डचा घोड्यांचा फार्म होता, जिथे आता त्याच्या नावाचं विद्यापीठ आहे. १८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिजने तिथे धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे बांधले. घोडी पळत आली, दोरे तुटत गेले, एकेक शटर पडत गेलं. घोडीचं नाव सॅली गार्डनर. प्लेटा ओल्या, म्हणजे तिथल्या तिथे लेप द्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायच्या.

चौखूर पळताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न होता. सुटतात. पण चित्रकार पाय पुढे-मागे ताणलेले काढत, तेव्हा नाही. चारही पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा. इतकी वर्षं माणसं घोडे बघत होती, कुणाला दिसलं नव्हतं.

म्हणजे बघा, पळतीचे फोटो सुरू झाले तेच मुळी "बारा मारू, त्यातून कळेल" या पद्धतीने. एका निर्णायक फ्रेमचं कौतुक नंतरचं.

टवाळ_कार्टं

घाटकरी, ठरलं. बैलांचे चारही पाय कधी सुटतात ते शोधा. पीएचडी नक्की.

अंधारखोली

बे_एरियाकर, छान आठवण. भर घालतो. रेसकोर्सवरचा फोटो-फिनिश बघा. पुष्कळांना वाटतं तो एका क्षणाचा फोटो. तो क्षणाचा नाहीच. रोलच्या दिवसांत कॅमेऱ्यात एक बारीक उभी फट असायची, फक्त अंतिम रेषेवर रोखलेली, आणि तिच्या मागून फिल्म सरकत राहायची. जो घोडा रेषेवर आला त्याची पट्टी फिल्मवर उमटली, मागून येणारा त्यानंतर. म्हणजे त्या फोटोत डावी-उजवी बाजू म्हणजे जागा नाहीच, वेळ आहे. आता तिथे डिजिटल आहे, सेकंदाला हजारो उभ्या रेघा वाचतं, तत्त्व तेच. धुवायचा वेळ वाचला एवढंच, आणि बोर्डावर निकाल लवकर लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे, कारण धागा पार कॅलिफोर्नियाला गेला.

रोल की डिजिटल हा प्रश्न मला चुकीच्या जागी रेघ मारल्यासारखा वाटतो. आमच्या कामात सगळ्यात मोठी उलथापालथ केली ती ऑटोफोकसने, आणि ती रोलच्या काळातच झाली. मिनोल्टा ७००० हा १९८५ चा. कॅननचा ईओएस-१ १९८९ चा, त्याच्यासोबत भराभर फोकस करणाऱ्या लांब लेन्स. त्याआधी आम्ही क्रीजवर फोकस लावून बसायचो आणि खेळाडू तिथे येण्याची वाट बघायचो. म्हणजे जागा आधी ठरवायची, क्षण नंतर मिळायचा. ऑटोफोकस आल्यावर खेळाडूच्या मागे मागे जाता यायला लागलं. बाउंड्रीवर पळत येणारा क्षेत्ररक्षक, सरळ लेन्सच्या अंगावर: हा फोटो त्याआधी नशिबाने मिळायचा, मग रोज मिळायला लागला. अजून सगळे रोलच वापरत होतो.

उलट सुरुवातीच्या डिजिटलने आम्हाला मागे ओढलं. १९९१ चा कोडॅक डीसीएस: निकॉन एफ३ च्या पाठीला सेन्सर, १.३ मेगापिक्सेल, आणि फोटो साठवायला २०० एमबीची हार्ड डिस्क वेगळी, खांद्याला लटकवायची. निकॉनचा डी१ १९९९ मध्ये आला, २.७ मेगापिक्सेल, सेकंदाला साडेचार फ्रेम, एकवीस झाल्या की कॅमेरा दम खायला थांबायचा. त्याच वेळी बाजूला माझा एफ५ आठने पळत होता. तरी ऑफिसने डिजिटलच गळ्यात घातला, कारण चहापानाला निघायची गरज उरली नाही. दर्जासाठी कुणी नाही बदललं, वेळेसाठी बदललं.

दर्जा उलटला तो २००७ मध्ये निकॉन डी३ आला तेव्हा. ६४०० आयएसओवर असा फोटो, की रात्रीचे खेळ एकदम दिवसासारखे काढता यायला लागले. लालमातीच्या वडिलांचा हवेतला पैलवान तिथे सुटला असता.

रोलवेडा

ऑटोफोकसचा मुद्दा मान्य. पण मग घाटकरींच्या काकांचा एफएम२ हातातला आहे, फोकस हातानेच. म्हणजे "जागा आधी ठरवायची" ते शिकायला याहून चांगलं काय?

लालमाती

पण शिकायला रोल किती लागतील? आज रंगीत रोल, धुलाई, स्कॅन धरलं तर हजाराच्या खाली येत नाही. आमच्याकडे शेवटची लॅब बंद झाली, रोल कुरिअरने पाठवावा लागतो. परत येईपर्यंत मी कुठे उभा होतो, शटर काय होतं, काही आठवत नाही. फोटो हुकला हे कळतं, का हुकला ते कळत नाही. डिजिटलवर शटर, आयएसओ सगळं फोटोतच लिहिलेलं मिळतं. शिकणाऱ्याला ते सोन्यासारखं आहे.

रोलवेडा

वहीत लिहायचं हो. आम्ही लिहायचो.

टवाळ_कार्टं

बैल आला, पळा पळा, थांबा जरा, वहीत लिहितो.

मीनल_डोंबिवली

अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून. माणसाला बघून बटण दाबायला पाव सेकंदाच्या आसपास जातोच. माझ्या मैत्रिणीकडे ऑलिम्पसचा ई-एम१ मार्क २ आहे, २०१६ चा. त्यात बटण अर्धं दाबून धरलं की तो गुपचूप फ्रेम साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर आधीच्या १४ फ्रेमही देतो. पक्षी फांदीवरून उडाल्यावर दाबायचं आणि उडण्याआधीचा फोटो घ्यायचा! मला ही सोय भारी वाटते. रोलवेडा यांना हा अधर्म वाटेल.

रोलवेडा

अधर्म नाही, ज्योतिष वाटतं. हलके घ्या.

चिकित्सक

घाटकरींच्या नेमक्या प्रसंगाचा हिशेब मांडतो, कारण इथे रोल वाटतो तितका वाईट नाही.

चैत्रातली दुपार, कडक ऊन. ४०० चा रोल घातला तर एफ/११ ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते लहान) १/१०००, किंवा एफ/८ ला १/२००० आरामात मिळतं. एफएम२ चं शटर १/४००० पर्यंत जातं, १९८२ च्या मानाने ही चैन होती. १३५ ची लेन्स, एफ/८, फोकस १५ मीटरवर लावून ठेवा. साधारण साडेबारा मीटरपासून साडेअठरा मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी नीट येईल. म्हणजे सहा मीटरचा पट्टा. बैल ताशी ४० किमीने आले असं धरलं तर तो पट्टा पार करायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. तेवढ्यात एक फ्रेम मारायची, अंगठ्याने रोल ओढून दुसरी मिळेल ही आशा सोडून द्या. १/१००० ला बैल एक सेंटीमीटरच सरकतो, गोठलेला दिसेल. १/२५० ला साडेचार सेंटीमीटर, पाय हललेले येतील, ते कधी कधी जास्त चांगलं दिसतं.

तेव्हा घाटावर दुपारी रोल पुरतो. लालमातींच्या मोठ्या कुस्तीला आणि मीनल यांच्या हॉलमध्ये पुरत नाही. यात तत्त्वज्ञान काही नाही, ऊन आहे की नाही एवढंच बघायचं.

घाटकरी

चिकित्सक, हे फारच कामाचं. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले १५ मीटर बिटर काही नाही, दगडाला चुना लाव आणि त्या दगडावर फोकस कर.

अंधारखोली, काका त्यांच्या वेळी कुठे उभे राहायचे विचारलं तर म्हणतात निशाणापाशी, म्हणजे बारी संपते तिथे. तुम्ही काय सांगाल?

अंधारखोली

काकांचा चुन्याचा दगड म्हणजे आमचीच क्रीज. उत्तम.

निशाणापाशी मात्र उभे राहू नका. तिथे सगळे असतात, आणि बारी झाल्यावर बैल लगेच थांबत नाहीत, गर्दीत शिरतात. माणसं जखमी होताना मी पाहिली आहेत. कठड्याच्या आत राहा, घाट जिथे जरा वर चढतो तिथे बाजूला, उंचावर. पुढे पळणारी घोडी, मागे बैल आणि गाडीवान एका रेषेत येतात ती जागा शोधा. सकाळच्या बाऱ्या नुसत्या बघा, कॅमेरा पिशवीत. बैल कुठे मान खाली घालतात, गाडीवान कुठे ओरडतो, हे दोन-चार बाऱ्यांत कळतं. फ्लॅश अजिबात नको, बैल बुजतील आणि मालक तुम्हाला घाटाखाली पोचवतील.

मग एखादी बारी १/६० ला, गाडीसोबत कॅमेरा फिरवत काढा. दहातली एखादी जमते, पण जमली की मागची गर्दी नुसत्या रेघा होते आणि बैलाचा डोळा तेवढा स्पष्ट राहतो.

आणि माझा स्पष्ट सल्ला हवा असेल तर डी५०० घ्या. आधी त्यावर वर्षभर चुका करा, फुकट आहेत. काकांचा एफएम२ दुपारच्या दोन-तीन बाऱ्यांपुरता गळ्यात ठेवा. धुळीत दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स बदलू नका. रोल बदलायचा तर वाऱ्याकडे पाठ करून, शर्टाच्या आत. मागच्या झाकणात एक कण गेला तरी अख्ख्या रोलवर सरळ चरा उमटतो. डिजिटलच्या सेन्सरवर कण बसला तर तोच डाग प्रत्येक आभाळात दिसतो, पण पुसता तरी येतो.

घाटकरी

ठरवलं. डी५०० बघायला मित्रासोबत जातो, आणि एफएम२ मध्ये कृष्णधवल रोल. एक शंका: प्रकाश मोजणाऱ्या मीटरचे दिवे लागत नाहीत, बाकी शटर सगळ्या वेगांवर वाजतंय. बिघाड आहे का?

रोलवेडा

नाही हो, सेल गेले असतील. एलआर४४ चे दोन लागतात, घड्याळवाल्याकडे मिळतील. एफएम२ ला सेल फक्त मीटरपुरते हवेत, शटर पूर्ण यांत्रिक आहे. नाही मिळाले तरी चिकित्सकांनी दिलेले आकडे तळहातावर लिहून जा.

लालमाती

रोलवेडा, विषय निघालाच आहे म्हणून. वडिलांचा पेंटॅक्स के१००० पडून आहे, १/१००० ला अर्धी फ्रेम काळी येते, खालचे वेग ठीक. कोल्हापूर-सांगली भागात अजून कोणी दुरुस्त करतं का?

रोलवेडा

पडदे सुस्तावले असणार, तेल-सफाई लागेल. एक कारागीर माहीत आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.